शिल्लक कोणाच्या खिशातली? नामदार गोखले आणि मिठाचा हिशोब



‘कर’ हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्गातून हमखास एक उत्तर येतं, “बाई, कर श्रीमंत लोक भरतात.” मग मी विचारते, आज मधल्या सुट्टीत दहा रुपयांचा बिस्किटचा पुडा कोणी कोणी आणला? हात वर होतात. बिस्किटांवर सध्या 5 टक्के जीएसटी आहे. म्हणजे त्या दहा रुपयांत साधारण 48 पैसे कराचे. आमच्या कर्वेनगरात बंगल्यात राहणारं मूलही तेवढेच देतं आणि त्याच बंगल्यात धुणं-भांडी करणाऱ्या मावशींचं मूलही तेवढेच देतं. एवढं समजलं की मुलं थोडा वेळ गप्प होतात, आणि खरा धडा तिथून सुरू करता येतो.

जो कर माणसाच्या उत्पन्नावर थेट लागतो तो प्रत्यक्ष कर. जो वस्तूच्या किमतीत लपून येतो तो अप्रत्यक्ष कर. व्याख्या एवढीच. पण ती पाठ करून घेण्यापेक्षा मला एका पुणेकर शिक्षकाची गोष्ट सांगायला आवडते. ते म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. (आपले महर्षी अण्णासाहेब कर्वे 1891 साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले ते गोखल्यांच्याच बोलावण्यावरून. पुढे त्यांचा आश्रम 1900 साली हिंगण्याच्या माळावर आला आणि आपल्या भागाला त्यांचं नाव मिळालं. तेव्हा गोखले आपल्याला तसे लांबचे नाहीत!)

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 चा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. पदवीनंतर ते पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, मग फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. शाळेसाठी त्यांनी अंकगणिताचं पुस्तकही लिहिलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे कलकत्त्याच्या कौन्सिलात त्यांनी जे केलं ते मुख्यतः अंकगणितच होतं.

तेव्हा देशाची राजधानी कलकत्ता होती. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात काही हिंदी सभासद असत, पण त्यांना अधिकार फार थोडे होते. 1892 च्या कायद्याने प्रश्न विचारता येत आणि अंदाजपत्रकावर बोलता येई. मत देता येत नसे, साधी दुरुस्तीसुद्धा सुचवता येत नसे. म्हणजे बोलून खाली बसायचं आणि अंदाजपत्रक आहे तसंच मंजूर! अशा सभेत 26 मार्च 1902 रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, गोखले पहिल्यांदा अंदाजपत्रकावर बोलले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते.

सरकार त्या वर्षी खुशीत होतं. तिजोरीत सुमारे सात कोटी रुपये शिल्लक होते आणि असं सलग चौथं वर्ष होतं. बाकीचे सभासद अर्थमंत्र्याचं अभिनंदन करत होते. गोखले म्हणाले की मला प्रामाणिकपणे या अभिनंदनात सामील होता येत नाही.

आता जरा थांबून मुलांना विचारा, घरात पैसे उरले तर ते चांगलं की वाईट? सगळी “चांगलं” म्हणतील. मग सरकारकडे उरले तर? गोखल्यांचा मुद्दा असा होता की घर स्वतः कमावतं, पण सरकार कमावत नाही, ते लोकांकडून घेतं. म्हणून सरकारी शिल्लक दिसली की पहिला प्रश्न असा हवा: ही आली कोठून? आणि ती साल कोणती, तेही बघा. नुकताच 1899-1900 चा भयंकर दुष्काळ होऊन गेला होता, प्लेग चालूच होता. लोकांची अशी दशा असताना तिजोरी भरते कशी?

इथे थोडं गणित आहे. घाबरू नका, सोपं आहे.

हिंदुस्थान सरकारला दर वर्षी विलायतेत मोठी रक्कम पौंडांत द्यावी लागे. कर्जाचं व्याज, पेन्शनी, लंडनमधल्या कचेरीचा खर्च वगैरे. रुपये मात्र इथल्या रयतेकडून गोळा व्हायचे. चांदीचा भाव पडत गेला तसा रुपया घसरला आणि 1894-95 च्या सुमाराला तो 13 पेन्सवर आला. एका पौंडात 240 पेन्स. म्हणजे 240 भागिले 13, एका पौंडाला जवळजवळ साडेअठरा रुपये. मग सरकारने टाकसाळींत लोकांची चांदी घेऊन रुपये पाडणं 1893 पासून बंद केलं होतं, त्याचा परिणाम होऊन 1898-99 पर्यंत रुपया 16 पेन्सवर चढला. आता 240 भागिले 16, बरोबर 15 रुपये. दर पौंडामागे साडेतीन रुपयांच्या आसपास वाचले. एक कोटी पौंड पाठवायचे असतील तर साडेतीन कोटी रुपये वाचणार, आणि प्रत्यक्षात रक्कम दीड कोटी पौंडांच्याही वर होती. शिल्लक कोठून आली ते दिसलं ना?

गोखल्यांचा प्रश्न यापुढचा आहे. रुपया घसरत असताना “काय करणार, खर्च भागत नाही” असं सांगून सरकारने कर वाढवले होते. 1886 साली प्राप्तिकर बसवला, 1888 साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला, 1894 साली आयात जकात, 1896 साली इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर. आता रुपया चढला, अडचण संपली. मग कर का उतरले नाहीत? आजारपणात सुरू केलेलं औषध बरं झाल्यावरही कोणी घेत राहतं का? (हे उदाहरण माझं. गोखले आकडे द्यायचे.) शिवाय रुपया महाग झाला म्हणजे परदेशी जाणाऱ्या मालाचे शेतकऱ्याच्या हाती रुपये कमी येणार, पण शेतसारा तेवढ्याच रुपयांत भरायचा. कर कागदावर तेवढाच राहिला, पण प्रत्यक्षात जड झाला.

मिठाचं गणित मी फळ्यावर हमखास करून घेते. मणामागे कर अडीच रुपये, म्हणजे 40 आणे. मणात 40 शेर. तर शेरामागे बरोबर एक आणा. आता पाच माणसांचं घर धरा, वर्षाला 25 शेर मीठ लागतं असं मानू. कर झाला 25 आणे, म्हणजे 1 रुपया 9 आणे. कर्झनसाहेबांनी स्वतः काढलेलं सरासरी उत्पन्न होतं माणशी वर्षाला 30 रुपये. पाच जणांचे 150. म्हणजे घराच्या उत्पन्नातला शंभरावा हिस्सा नुसत्या मिठाच्या करात गेला, आणि गरिबाचं घर तर या सरासरीच्याही खाली. आता वर्षाला 15,000 रुपये मिळवणारं घर घ्या. मीठ तेवढंच खाणार, कोणी श्रीमंत झाला म्हणून दुप्पट मीठ खात नाही. त्याचा हिस्सा दहा हजारातला एक. श्रीमंताला प्राप्तिकर होता हेही सांगायला विसरू नका, नाहीतर धडा एकतर्फी होईल. पण मीठ सोडता येत नाही आणि काटकसरीने फार कमीही करता येत नाही, म्हणून हा कर सगळ्यात जाचक.

मत देण्याचा अधिकार नसलेल्या माणसाच्या भाषणाने काय झालं? 1903 साली मिठाचा कर अडीचवरून दोन रुपये झाला, 1905 साली दीड आणि 1907 साली एक रुपया. मुलांना विचारा, आता शेरामागे किती? 16 आणे भागिले 40, म्हणजे अर्ध्या आण्याहूनही कमी. 1903 सालीच प्राप्तिकराची मर्यादा 500 वरून 1000 रुपये झाली. लहान पगाराचे कारकून आणि शिक्षक त्यातून सुटले! हे सगळं एकट्या गोखल्यांमुळे झालं असं मी वर्गात सांगत नाही. तिजोरीत शिल्लक होतीच, मागणी जुनी होती, काँग्रेसही सांगत होती. पण सरकारच्याच अहवालांतले आकडे घेऊन सरकारला प्रश्न विचारले की उडवून लावता येत नाही, हे गोखल्यांनी दाखवलं.

ही सवय त्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी लावली होती. सरकारी अहवाल वाचायचे, टिपणं काढायची, आकडा चुकला तर पुन्हा बस. आणि अंदाजपत्रकाच्या भाषणांच्या तयारीत त्यांना मोठी मदत होती गणेश व्यंकटेश जोशी यांची. हे जोशी सरकारी हायस्कुलात मुख्याध्यापक होते. शाळा सांभाळून देशाच्या जमाखर्चाचा अभ्यास! त्यांचं नाव आपल्या पुस्तकांत फारसं सापडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

शिल्लक उरलीच तर ती कशावर खर्च करावी, यावरही गोखले बोलत राहिले. लष्करावर एवढा खर्च आणि प्राथमिक शाळांवर एवढा कमी का? 16 मार्च 1911 रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वर्षांची मुलं शाळेत आलीच पाहिजेत, तीही एकदम सगळीकडे नाही, जिथल्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं तयार असतील तिथे. मागणी इतकी बेताची होती. तरी 19 मार्च 1912 रोजी ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळलं गेलं. बडोद्यात सयाजीरावांनी 1906 सालीच शिक्षण सक्तीचं केलं होतं, म्हणजे पैशाअभावी अशक्य होतं असं नाही. गोखले 19 फेब्रुवारी 1915 रोजी गेले. आपला शिक्षण हक्क कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी.

उपक्रम असा द्या: प्रत्येकाने घरून किराण्याचं एक छापील बिल आणावं. मिठापुढे कर किती आहे ते बघावं, शून्य सापडेल. पेन्सिल, खोडरबर आणि वहीपुढे बघावं, तिथेही 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य. मग साबण, बिस्किटं, रंगपेटी बघावी. बिलातला एकूण कर काढून मुलांनी वहीत दोन ओळी लिहायच्या: यातली कोणती वस्तू आपल्या घरी आणि वॉचमनकाकांच्या घरी सारखीच लागते, आणि तिच्यावर कर किती असावा असं तुला वाटतं, का? उत्तरं तपासताना चूक-बरोबरची खूण करू नका. फक्त “का” लिहिलंय की नाही तेवढं बघा. माझ्या वर्गात एकीने लिहिलं होतं, “साबणावर कर नको, कारण हात सगळ्यांनाच धुवायचे असतात.”