मिकीच्या पंगतीला जाण्यापूर्वी

या पुस्तिकेत आपण बचत, विमा, कर्ज यांचे धडे वाचतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. भिलाई-दुर्गमध्ये आता अशी अनेक मराठी घरे आहेत, जिथे आजोबांची नोकरी स्टील प्लांटमध्ये झाली आणि मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे. सुट्टीत आजी-आजोबा तिकडे जातात आणि नातवंडांची मागणी एकच असते: डिस्ने. त्यातही हल्ली नुसते पार्क पुरत नाही, मिकी माऊसबरोबर जेवायचे असते.

गेल्या जानेवारीत मोहन नगरच्या आमच्या शाखेत एक निवृत्त काका एफडी मोडायला आले. ठेव एक लाखाची, एक वर्षाची, 7 टक्के दराची. आठ महिने झाले होते, चार उरले होते. आम्ही नेहमीप्रमाणे कारण विचारले. काका म्हणाले, "नातवाला मिकीबरोबर जेवू घालायचंय. मे महिन्याचं टेबल आहे, आज चोवीस हजार भरले नाहीत तर जाईल." फोनवर एका माणसाचा संदेश होता. टोकन म्हणून 5,000 रुपये यूपीआयने आधीच गेले होते.

हे जेवण नेमके काय असते, ते आधी समजून घेऊ. इंग्रजीत त्याला कॅरेक्टर डायनिंग म्हणतात. आमच्या एका सहकाऱ्याने 'मिकीची पंगत' असे नाव ठेवले आणि ते चपखल आहे. लग्नाच्या पंगतीत यजमान पानापानाशी येऊन आग्रह करतो, तसे इथे मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी टेबलाटेबलाशी येतात, मुलांना जवळ घेतात, फोटो काढू देतात. फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये, जे 1971 साली सुरू झाले, अशी अनेक ठिकाणे आहेत. त्यातले प्रसिद्ध म्हणजे कंटेम्पररी रिसॉर्ट या हॉटेलातले 'शेफ मिकीज'. ते पार्कच्या फाटकाबाहेर, हॉटेलात आहे, म्हणून तिथे जेवायला त्या दिवसाचे पार्कचे तिकीट लागत नाही. पार्कच्या आतल्या पंगतींना, उदाहरणार्थ सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जेवणाला, तिकीट आधी हवेच. हा फरक माहीत नसला तर एका जेवणासाठी सगळ्या घराची तिकिटे काढली जातात.

आता बुकिंग. ते 60 दिवस आधी उघडते, त्यापूर्वी नाही. 20 मेचे टेबल 21 मार्चला उघडणार. काकांकडे 'टेबल पक्के करायला' पैसे मागितले गेले ते जानेवारीत. संशय घ्यायला एवढे पुरेसे होते. ऑनलाईन बुकिंग तिथल्या सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. मार्च ते नोव्हेंबर या काळात आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेचार. म्हणजे मोहन नगरात बसून चहाच्या वेळेला हे काम होते, मुलाने तिकडे पहाटे उठायची गरज नाही. मुलगा डिस्नेच्याच हॉटेलात खोली घेणार असेल, तर राहायला येण्याच्या 60 दिवस आधी एकाच बैठकीत पुढच्या दहा दिवसांपर्यंतची टेबले घेता येतात.

या पंगतीचे टेबल राखून ठेवायला फी नाही. कार्डाचा नंबर मागतात, तो हमी म्हणून. पैसे द्यायचे जेवल्यावर, तिथेच. जेवणासोबत कार्यक्रम असलेल्या काही जागा पूर्ण रक्कम आधी घेतात, हूप-डी-डू हा संगीताचा कार्यक्रम त्यातला, पण तीही कंपनीच्याच संकेतस्थळावर किंवा अॅपवर. कुणाच्या यूपीआय नंबरवर पैसे टाकून मिकीचे टेबल मिळत नाही.

हमीचा अर्थ मात्र नीट वाचा. टेबल घेऊन गेला नाहीत, किंवा मुदतीत रद्द केले नाही, तर माणशी 10 डॉलर कार्डावरून कापले जातात. रद्द करायची मुदत जेवणाच्या दोन तास आधीपर्यंत असते. तरी बुकिंगच्या पानावर जी मुदत छापलेली असेल तीच धरून चाला. सहा जणांचे नाव लिहिले आणि नातीला ताप आला म्हणून सगळे हॉटेलातच राहिले, तर 60 डॉलर गेले. फोनवरून रद्द करायला दोन मिनिटे लागतात.

दर माणशी ठरलेला असतो, खाल्ले किती यावर नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला पैसे नाहीत, तीन ते नऊ वर्षांच्या मुलाला मुलांचा दर आणि दहाव्या वाढदिवसापासून मोठ्यांचा. आजींची एकादशी त्या दिवशी आली तरी आजींचा दर पूर्णच, तेव्हा तारीख घेताना कालनिर्णय उघडून बघा. ही थट्टा नाही. शाकाहाराची सूचना बुकिंगच्या वेळीच लिहायची सोय असते, तीही वापरा.

मग बिल किती? दर ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून हिशेबापुरते मोठ्यांचे 65 डॉलर, मुलांचे 42 डॉलर आणि डॉलरला 90 रुपये धरू. आजी, आजोबा, मुलगा, सून, नऊ वर्षांचा नातू आणि दोन वर्षांची नात, अशी सहा माणसे.

चार मोठे: 260 डॉलर
नातू: 42 डॉलर
नात: काही नाही
विक्रीकर, 6.5 टक्के: 19.63 डॉलर
टिप, 18 टक्के: 54.36 डॉलर
एकूण: सुमारे 376 डॉलर, म्हणजे 33,840 रुपये

टिपेची ओळ पाहून आपल्याकडचे लोक दचकतात. तिकडे वाढपी लोकांच्या मिळकतीचा मोठा भाग टिपेचा असतो, आणि सहा किंवा अधिक जणांच्या टेबलाला 18 टक्के बिलातच लावून येतात. तशी लावलेली दिसली तर पुन्हा वेगळी टिप द्यायची गरज नाही. कागदावर टिपेची रिकामी जागा मात्र असते आणि न वाचता तिथे आकडा लिहिणारे बरेच भेटतात.

वर कार्डाचा खर्च. आपल्या बऱ्याच कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार असतो आणि त्या आकारावर 18 टक्के जीएसटी. आपल्या उदाहरणात हे सुमारे 1,400 रुपये होतात आणि एकूण 35,240 च्या घरात जाते. यंत्रावर 'रुपयांत घेऊ की डॉलरमध्ये' असे विचारले तर डॉलर सांगा. रुपयांत घेतले की विनिमयाचा दर तिथले यंत्र लावते आणि तो सहसा महाग असतो. अमेरिकन कार्ड मुलाकडे आहेच, तेव्हा बिल त्याने भरावे आणि आजोबांनी तेवढे रुपये त्याच्या इथल्या एनआरओ खात्यात भेट म्हणून जमा करावेत, हा मार्ग नियमात बसतो आणि कार्डाचा आकार वाचतो. आजोबांना ताटावर आपलेच कार्ड ठेवायचे असते हे मला माहीत आहे. मग 1,400 रुपये त्या समाधानाचे समजा.

स्वतःचे कार्ड नेणार असाल तर निघण्यापूर्वी ते तपासा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार 16 मार्च 2020 पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांसाठी चालू करून दिले जाते. परदेशातला आणि ऑनलाईन वापर तुम्हाला बँकेच्या अॅपमधून किंवा शाखेत येऊन सुरू करावा लागतो. मर्यादाही तिथेच ठरवा. सहलीपुरती, जास्त नाही. कारण परदेशी संकेतस्थळावर ओटीपी न विचारताही पैसे कापले जाऊ शकतात. परत आलात की तो वापर बंद करा. अनोळखी व्यवहार दिसला तर थांबू नका. बाहेरच्या कुणी केलेल्या अशा फसवणुकीत बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही, उशीर झाला तर काही भार येऊ शकतो.

पैसे उभे कसे करायचे? सहल दीड वर्षावर असेल तर आवर्ती ठेव सरळ. महिना 2,000 रुपये, 18 महिने, 36,000 भरले जातात. साडेसहा टक्के दर धरला तर सुमारे 1,850 रुपये व्याज मिळते. या व्याजावर हरखून जाऊ नका. दरम्यान डॉलर 90 चा 95 झाला तर वरचे बिल 1,880 रुपयांनी वाढते, म्हणजे व्याज तिथेच संपले. पण आवर्ती ठेव नसती तर तेवढेही अंगावर आले असते. क्रेडिट कार्डावर बाकी ठेवणे हा सर्वांत वाईट मार्ग. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 टक्के, आणि मिकीचे जेवण दिवाळीपर्यंत फेडत बसायचे.

आता काकांची एफडी. घाईची गरज खरी असती तरी ती मोडणे चूक ठरले असते. आठ महिन्यांच्या मुदतीला लागू असलेला दर समजा 6 टक्के, त्यातून मुदतपूर्व मोडल्याचा 1 टक्का दंड वजा, हाती 5 टक्के. एक लाखावर आठ महिन्यांचे 3,333 रुपये. 7 टक्क्यांनी ते 4,667 झाले असते. तोटा 1,333 रुपयांचा. त्याऐवजी ठेवीवर कर्ज घेतले तर व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त लागते. 24,000 रुपयांवर चार महिन्यांचे 8 टक्क्यांनी 640 रुपये. ठेव जागेवर राहते. तुमच्या बँकेत दंड आणि कर्जाचा दर किती, ते काउंटरवर विचारा. ठेव मोडायचा फॉर्म भरण्याआधी विचारा.

काकांनी फॉर्म परत घेतला. 5,000 रुपये मात्र परत आले नाहीत. त्यांनी ते पाठवून नऊ दिवस झाले होते. सायबर फसवणुकीचा 1930 हा क्रमांक तत्काळ लावला तर पैसे पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता असते, नऊ दिवसांनी ते कुठल्या कुठे गेलेले असतात. तक्रार तरी नोंदवली, शाखेतल्या खुर्चीवर बसूनच. काका बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "मुलाला सांगू नका." आम्ही का सांगू?

मार्चच्या 21 तारखेला दुपारी सव्वातीनला ते आमच्याकडे आले. मुलगा तिकडून फोनवर, ते इकडून. टेबल मिळाले, पण त्यांना हव्या त्या दिवशी नाही, दोन दिवस पुढचे. नातवाचा दहावा वाढदिवस त्याच आठवड्यात आहे हे तेव्हा निघाले आणि नवी तारीख वाढदिवसानंतरची होती. मोठ्यांचा दर लागला. कर आणि टिप धरून सुमारे 2,600 रुपये जास्त. काका हसले आणि म्हणाले, "मोठा झाला म्हणायचा." एफडी मेमध्ये पूर्ण मुदतीने पिकली.