विसरणाऱ्यांना आपण विसरू नये

वाचन: स्तोत्रसंहिता ७१; यशया ४९:१४-१६



सातपुड्यातल्या एका पाड्यावर आम्ही भेटीला गेलो, तेव्हा एक आजी ओसरीवर मोहाची फुले निवडत बसल्या होत्या. हात अचूक चालत होते. पण शेजारी बसलेल्या स्वतःच्या मुलालाच त्या विचारत होत्या, "तू कोणाचा रे?" मुलगा हळूच म्हणाला, "रात्री उठून चालू लागते. आईबापाकडे जायचे म्हणते. ते जाऊन कितीतरी वर्षे झाली. आता लोक कुजबुजायला लागले आहेत."

त्या कुजबुजीचेच आम्हाला भय वाटले. रात्री एकटी फिरणारी, स्वतःशी बोलणारी म्हातारी बाई दिसली की तिला डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार या डोंगरांत घडलेले आहेत. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण कायदा पोहोचण्याआधी शेजाऱ्याची समज पोहोचली पाहिजे.

हा आजार आहे

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा मेंदूचा आजार आहे. तो करणी नव्हे, पापाची शिक्षा नव्हे आणि नुसते म्हातारपणही नव्हे. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, आणि त्याचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत व पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आहे.

ओळखावे कसे?

शाळा न पाहिलेल्या आजीला आजची तारीख विचारून काही कळत नाही. तिच्या रोजच्या कामांबद्दल विचारावे. नेहमीच्या पाणवठ्याची वाट चुकते का? भाकरी थापता थापता पुढे काय करायचे ते विसरते का? बाजारात पैशांचा हिशेब जमेनासा झाला का? तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते का? असे बदल महिनोन्‌महिने वाढत असतील, तर आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार किंवा मनाची उदासी यांमुळेही विसर पडतो, आणि यांवर उपचार होतात. एकदोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर ताप, लघवीचा संसर्ग किंवा अंगातले पाणी कमी होणे असे कारण असू शकते. अशा वेळी थांबू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे.

अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. म्हणूनच सांभाळ हाच मोठा उपचार आहे.

सांभाळताना

१. समोरून जावे, आपले नाव सांगावे, मग बोलावे. "मला ओळखलेस का?" अशी परीक्षा घेऊ नये.

२. वाद घालू नये. "तुझी आई कधीच मेली" असे सांगितले, तर तिला ते दुःख पुन्हा नव्याने सोसावे लागते. "आईची आठवण येते ना? ती कशी होती सांग," असे म्हणावे.

३. तिच्या बोलीत बोलावे. पुढे शिकलेली मराठी आधी निसटू शकते आणि लहानपणची भिली किंवा पावरी मागे राहते. लहानपणची गाणीही बराच काळ टिकतात.

४. हाताला जमेल ते काम द्यावे : फुले निवडणे, शेंगा सोलणे. काम चुकले तरी रागावू नये.

५. अनेकांची घालमेल संध्याकाळी वाढते. अंधार पडण्याआधीच दिवा लावावा. चूल, विळा, फवारणीचे औषध व गोळ्या यांपासून जपावे. कपड्यावर आतून नाव व फोन क्रमांक शिवून ठेवावा.

६. बसवून, लहान घास करून, सावकाश भरवावे. पाणी आठवणीने द्यावे.

सांभाळणाऱ्याचे काय?

हे ओझे बहुधा एकाच सुनेवर किंवा लेकीवर पडते. तिची रात्रीची झोप जाते आणि दिवसाची मजुरी बुडते. तिच्यासाठी प्रार्थना करावीच, पण आठवड्यातून एक दुपार तिच्या घरी जाऊन आजीजवळ बसावे, म्हणजे तिला बाजार करता येईल किंवा नुसते निजता येईल. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या ताणासाठी १४४१६ या सरकारी हेल्पलाइन विनाशुल्क आहेत. ते क्रमांक मंडळीच्या फलकावर लिहून ठेवावेत.

७१व्या स्तोत्रात एक वयोवृद्ध भक्त देवाला विनवतो की उतारवयात आपल्याला एकटे पडू देऊ नये. ती विनवणी ऐकणे हे आपलेही काम आहे.

त्या पाड्यावर आम्ही कारभाऱ्यांना व शेजाऱ्यांना बसवून हा आजार समजावून सांगितला. पुढच्या भेटीत आजींनी मुलाला ओळखले नाहीच. पण त्या उठून चालू लागल्या तेव्हा तो म्हणाला, "चल, मीही येतो," आणि हात धरून अंगणाला एक फेरी मारून त्यांना परत घेऊन आला. आदल्या रात्री शेजारच्या बाईनेच त्यांना घरी आणून सोडले होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आई मुलाला विसरली तरी देव आपल्या लोकांना विसरत नाही, असे यशया सांगतो. जिला स्वतःचे नावही आठवत नाही, तिला हे आपण कोणत्या कृतीतून दाखवू?

२. आपल्या मंडळीत उपासनेला येईनासे झालेले वृद्ध कोण आहेत? शेवटचे त्यांच्या घरी कोण गेले होते?

३. या महिन्यात कोणत्या सांभाळणाऱ्या बहिणीला आपण एक दुपार देऊ?