गाडी डावीकडे का ओढते?

भाजीची पिकअप गाडी बाजाराला निघाली. रस्ता सरळ आहे, तरी गाडी डावीकडे ओढते. स्टिअरिंग धरून हात भरून येतात. समोरून एसटी आली, की जिवाला घोर!

आपण कारण शोधू. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. आपण डाव्या अंगाने गाडी चालवतो. म्हणून डावीकडे थोडी ओढ असायचीच. ओढ जास्त असेल, तर टायर गार असताना हवा मोजू. पुढच्या ज्या चाकात हवा कमी, त्या अंगाला गाडी ओढते. हवा सारखी आहे? मग पुढची दोन चाके अदलाबदल करून बघू. आता गाडी उजवीकडे ओढू लागली, तर दोष टायरचा. ओढ तशीच राहिली, तर अलाइनमेंट तपासून घेऊ.

फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढते का? मग गोष्ट निराळी. गाडी डावीकडे जाते, तेव्हा बहुधा उजवा ब्रेक नीट धरत नसतो. कोणी म्हणेल, डावा ढिला करा. आम्हाला हे मुळीच पसंत नाही. चांगला ब्रेक बिघडवून काय मिळणार? मेकॅनिककडून उजवे चाक उघडून घ्यावे. लायनरला तेल लागले असेल. तोवर माल भरून घाट उतरू नये.