शस्त्रक्रियेच्या आधीची वही

नाशिक, कार्तिक शुद्ध नवमी

चिरंजीव भाचीस,

तुझे पत्र पावले. परळच्या इस्पितळातील तुझी मुदत संपत आली असता मुंबईतील एका बड्या खासगी रुग्णालयाने देऊ केलेली जागा स्वीकारावी, दोन वर्षे विलायतेत राहून हात अधिक साफ करून यावे, की ज्या गावात लहानाची मोठी झालीस त्या नाशकात येऊन बसावे, असा तिहेरी पेच तू माझ्यापुढे मांडला आहेस. आणि ज्याची सारी हयात अपेंडिक्स, हर्निया आणि मुंबई-आग्रा रस्त्यावर हाडे मोडून आलेली माणसे यांत गेली, त्याने कर्करोगाच्या शल्यविशारदाला सल्ला द्यावा, यातला विनोद ध्यानी घेऊनच मी हे लिहितो आहे. कोठे जावेस ते मी सांगणार नाही. परंतु नाशकास येण्याचे ठरलेच, तर पहिल्या वर्षी कशाची चिंता वाहावीस याविषयी माझे मत पक्के आहे, आणि पत्रासोबत तू जोडलेल्या यंत्रसामग्रीच्या यादीशी ते मुळीच जुळणारे नाही.

आमच्या उमेदीच्या काळात येथे कर्करोगावरचा उपचार म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेली एक चिठ्ठी होती. 1975 साली पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली, तेव्हापासून सकाळी नाशिकरोडच्या फलाटावर नोकरदार चाकरमान्यांच्या गर्दीत एखादा निफाडकडचा शेतकरी, गालावरची गाठ उपरण्याने झाकून, काखेत एक्स-रेचा लखोटा धरून उभा दिसे. तो दादरला उतरणार आणि विचारत विचारत परळ गाठणार, हे कोणी न सांगताच समजत असे. आज ती स्थिती राहिलेली नाही. शालिमारला शासनाचे संदर्भ सेवा रुग्णालय आहे, डॉ. राज नगरकर यांच्यासारख्या शल्यविशारदाने याच शहरात राहून मानवता कर्करोग केंद्र उभारून दाखवले आहे. आणि 2012 साली काही जिल्ह्यांत सुरू होऊन पुढे राज्यभर गेलेल्या व आता महात्मा फुले यांचे नाव धारण करणाऱ्या योजनेमुळे, घरची जमीन गहाण टाकल्यावाचून शस्त्रक्रिया होऊ शकते, हे पूर्वी कोणाला खरे वाटले नसते. यंत्रांची वाण पूर्वीइतकी उरलेली नाही. आणि तरीसुद्धा सुरगाणा-पेठेकडची बाई गर्भाशयमुखाचा रोग घेऊन येते ती अद्याप तिसऱ्या अवस्थेतच येते. तुझी यादी तिच्या उपयोगाची नाही.

तू ज्या संस्थेत शिकलीस तिचा इतिहास तुम्हां मुलांना कोणी सांगतो की नाही, कोण जाणे. 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा शस्त्रक्रियागृहाइतकाच मान प्रयोगशाळेला देण्यात आला आणि ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती सोपवली गेली. हा गोमंतकीय वळणाचा विकृतिशास्त्रज्ञ काचपट्टीवर पेशी पाहून थांबला नाही. हा रोगी काय नेसतो, काय चघळतो, कशी विडी ओढतो, याची त्याने चौकशी केली, आणि कमरेला धोतराचा काच वर्षानुवर्षे बसून त्याच जागी उद्भवणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन 1945 साली सूर्याबाई या सहकारिणीसह जगापुढे ठेवले. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर तुझे वसतिगृह आहे, ते डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मात्र हाडाचे शल्यविशारद, आणि त्यांच्या हाताची कीर्ती आम्ही विद्यार्थिदशेत ऐकली होती. परंतु शल्यविशारदांपैकी ज्यांचे स्मरण तुला मुद्दाम करून द्यावेसे वाटते ते डॉ. दाराब जस्सावाला. हातात सुरी असलेल्या या माणसाने 1951 साली भारतीय कर्करोग संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि 1963 साली मुंबई शहरातील प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवणारी वही सुरू केली. या देशातील लोकसंख्येवर आधारलेली ती पहिली वही. शस्त्रक्रियेत यशस्वी झालेल्या माणसाला कारकुनीची ही हौस का व्हावी, असा प्रश्न तेव्हाही काहींना पडला असेलच.

पण मुंबईची वही म्हणजे मुंबईचीच. पुढे बंगळूर, मद्रास अशा आणखी शहरांनीही आपापल्या वह्या सुरू केल्या. खेड्यांचे काय, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. ते उत्तर सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने दिले. डॉ. भगवान नेने यांनी त्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचा व्याप मांडला, आणि 1987 साली बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील 346 गावांसाठी ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. देशातील अशा प्रकारची ती पहिली. शहरातील नोंदणीदार रुग्णालयांची दप्तरे चाळून आपले काम करू शकतो, कारण रोगी कोठे ना कोठे रुजू झालेला असतो. परांड्याकडची म्हातारी कोठेच रुजू होत नाही. ती घरीच झिजते आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'म्हातारपण' एवढेच लिहिले जाते. म्हणून बार्शीकरांनी वहीच गावोगाव फिरती केली. तलाठी पूर्वी पीकपाहणीला बांधावर जाई तसा त्यांचा माणूस ठराविक दिवसांनी गावात जाई, पारावर बसे, अंगावरून विनाकारण रक्त जाणे, तोंडातला व्रण न भरणे, स्तनात गाठ लागणे ही लक्षणे समजावून सांगे, आणि ज्यांच्याविषयी शंका येई त्यांना रुग्णालयात आणवी. नोंद करण्यासाठी म्हणून केलेली ही पायपीट आपोआपच औषध ठरली: गर्भाशयमुखाच्या रोग्यांत लवकरच्या अवस्थेत येणाऱ्यांचे प्रमाण वाढले, असे नेने, कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षांतच दाखवून दिले. यंत्र एकही नवे आलेले नव्हते.

याच पायावर पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातील, आता ज्याला धाराशिव म्हणतात तेथील, ती मोठी पाहणी उभी राहिली. 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांची गावांच्या गटांनुसार विभागणी करून, एका गटाची विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पेशीतपासणी, तिसऱ्याची आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा, असा तो बेत होता. आठ वर्षांनंतर हिशेब झाला तेव्हा चौथ्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 64 स्त्रिया दगावल्या होत्या आणि जवळपास तेवढ्याच मोठ्या पहिल्या गटात 34. जन्मात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले होते. 2009 साली हे छापून आले आणि साऱ्या जगाच्या वैद्यकाने त्याची दखल घेतली. चौथ्या गटातील स्त्रियांना चाचणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, यावर पुढे वादंग माजले, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनाला तो प्रश्न अजून टोचतो. निष्कर्षाचा अभिमान बाळगताना त्या 64 जणींना विसरू नकोस.

हे सारे एवढ्या विस्ताराने लिहिण्याचा हेतू असा, की नाशकास आलीस तर पहिल्या दिवशी शस्त्रक्रियागृहाच्या दिव्यांची चौकशी न करता एक जाड वही मागवून घे. संगणकात ठेवलीस तरी चालेल, परंतु रकाने तू स्वतः आखलेले असावेत. गाव आणि तालुका. पहिले लक्षण कधी जाणवले. पहिल्यांदा कोणाला दाखवले. तुकडा कधी काढला. उपचार कधी सुरू झाला, कधी संपला, की मध्येच सुटला. आणि वर्षानंतर माणूस आहे की नाही. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेप्रमाणे एकसष्ट लाख माणसे होती. त्यांतील विलंब नेमका कोठे साचतो, गावच्या डॉक्टरच्या मलमात, मालेगावच्या यंत्रमागावरून सुटी न मिळण्यात, की आपल्याच बाह्यरुग्ण विभागाच्या तारखांत, हे त्या रकान्यांवाचून तुला कळणार नाही.

तपासणीच्या टेबलावरची एक गोष्ट तुला शिकवायला नको, पण विसरू मात्र नकोस. निरोगी माणसाच्या तोंडात आपली तीन बोटे उभी सहज मावतात. वर्षानुवर्षे गुटखा-सुपारी चघळलेल्या विशीतल्या पोराच्या तोंडात एक बोट जेमतेम शिरते, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि चामड्यासारखी ताठर लागते, आणि त्याची तक्रार एवढीच असते की मिसळ तिखट लागते. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, ती पानटपरीवर किती पाळली जाते ते तू जाणतेसच. बायकांची मिसरी तर व्यसनात मोजलीच जात नाही. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ती पूड दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून चारदा हिरड्यांना लागते. 'तंबाखू खाता का' असे विचारशील तर आजी सोज्वळपणे नाही म्हणेल. 'मिसरी लावता का' असे विचार.

विकृतितज्ज्ञाशी भांडू नकोस आणि त्याच्यावाचून शस्त्र उचलू नकोस. तालुक्याहून येणारा तुकडा पुष्कळदा सलाइनच्या बाटलीत कुजून येतो, कारण फॉर्मलिन कोणी पुरवलेच नाही. काढलेल्या अवयवाच्या दसपट फॉर्मलिन आणि स्वच्छ लेबल लावलेली डबी गावोगावच्या डॉक्टरांना तू आपल्या खर्चाने पोहोचवलीस, तर एका नव्या यंत्राहून अधिक निदाने त्यातून पदरी पडतील.

आता राहण्याखाण्याविषयी, कारण शल्यविशारद ही बाब समाजसेवकाच्या गळ्यात टाकून मोकळे होतात. गर्भाशयमुखाच्या रोगावर लाईट, म्हणजे किरणोपचार, घ्यायचे तर पाच-साडेपाच आठवडे रोज यायचे, आणि सारे उपचार आठ आठवड्यांच्या आत आटोपले नाहीत तर रोग पुन्हा डोके वर काढण्याचा धोका वाढतो, हे तुझ्याच पाठ्यपुस्तकात आहे. कळवणची बाई ऐन कांद्याच्या काढणीत आठ आठवडे कोठे राहणार? दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत परळचे रोगी राहतात, म्हणून त्यांचे उपचार पुरे होतात. गाडगेबाबांनी आपल्या गोदेकाठीही धर्मशाळा बांधली. शिळी खिचडी खाणाऱ्या यात्रेकरूची जेथे त्यांनी काळजी वाहिली त्या गावात कर्करुग्णासाठी पन्नास खाटांची सोय होत नसेल, तर आपण तिचा अर्ज कोणाकडे, कोणत्या मंजुरीसाठी करायचा, हे शिकून घेणे तुझ्या व्यवसायाचाच भाग आहे. द्राक्षबागायतदारांपुढे हात पसरताना लाजू नकोस. छाटणीचे दिवस तेवढे टाळ.

एक नाजूक गोष्ट. रोगी पाठवणारा डॉक्टर महिनाअखेर आपला वाटा मागेल. याला काय म्हणतात ते तू ऐकले आहेस. पहिल्या खेपेस गोड बोलून नकार दिलास, तर वर्षभर रोगी थोडे येतील. ते थोडे येऊ देत. ज्याला वाटा दिला त्याला 'तू चार महिने मलम का लावत बसलास' असे विचारण्याचे तोंड तुला उरणार नाही, आणि तुझ्या वहीतला सगळ्यांत मोलाचा रकाना तोच आहे.

विलायतेचा मोह मी वाईट म्हणत नाही. गेलीस तर जरूर जा. फक्त परत येताना तेथील नोंदणीची पद्धतही पाहून ये.

त्याआधी सुटी मिळत असेल, तर बार्शीला जा. कुर्डूवाडीला उतरून पुढे एसटी मिळते. तेथे गेल्यावर नोंदणीच्या खोलीत बस, जुनी पाने चाळायला माग, आणि गावी जाणाऱ्या कार्यकर्त्याबरोबर एक दिवस जाण्याची परवानगी घे. तुझ्या मामीने मनुके बांधून ठेवले आहेत; कोणी येणारे असेल तर कळव. तीर्थरूप ताईस नमस्कार सांग.



तुझा मामा