लाखाचा क्लास लावण्याआधी

लेक म्हणते, डेटा सायन्स करायचंय. क्लासवाले म्हणतात, लाख-दीड लाख, हप्त्यांनी भरा, नोकरीची हमी आमची. आई-बाबा, तुम्ही एफडी मोडायला निघाला असाल तर थोडं थांबा. तिला आधी तीन-चार महिने फुकट शिकू द्या.

आयआयटीचे प्राध्यापक एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर हेच विषय शिकवतात. व्हिडिओ, स्वाध्याय, सगळं मोफत. प्रमाणपत्र हवं असेल तरच हजारभर रुपये फी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. या कामाची प्रोग्रामिंग भाषा, पायथन, फुकट. ती चालवायचं गुगल कोलॅब तर ब्राउझरमध्येच चालतं, त्यामुळे घरातला साधा लॅपटॉप पुरतो.

पण फुकटचं अर्ध्यावर सुटतं, हेही खरं. फी भरली की घरातले रोज विचारतात, इथे कोणी विचारत नाही. ते काम तुम्ही करा. ‘किती व्हिडिओ झाले?’ असं नको, ‘काय केलंस ते दाखव’ म्हणा.

समजा, तिने सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवरून कांद्याचे भाव उतरवून घेतले. यादीत लासलगाव, लासलगाव (निफाड), लासलगाव (विंचूर) अशी नावं येतात. बाजार एक की तीन? कांदा विकलेले बाबा लगेच सांगतील, समिती एकच, आवारं वेगळी. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकत्र करून सरासरी काढायची नाही, हेही तेच सांगतील. मग एका ओळीत भाव दिसतो क्विंटलला शंभर रुपये. शून्य राहिलं असेल म्हणून ती ओळ पुसायला निघेल. तेव्हा तिला सांगा, फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा याच भावाने गेला आणि खर्च वजा जाता त्या शेतकऱ्याच्या हाती दोन रुपये पडले. ती ओळ पुसली तर तो माणूसच पुसला जाईल. या कामात बराचसा वेळ अशा साफसफाईतच जातो आणि तिथे तुमचं ज्ञान तिच्या उपयोगी पडतं.

असा एक प्रकल्प नीट झाला, जोडीला एक्सेल आणि एसक्यूएल पक्कं झालं, की डेटा अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीत तिच्याकडे दाखवायला स्वतःचं काहीतरी असेल.

एवढं करूनही क्लास हवाच वाटला, तर जरूर लावा. फक्त सही करण्याआधी हमीच्या अटी पूर्ण वाचा आणि हप्ता क्लासला जाणार की कर्ज देणाऱ्या कंपनीला, ते विचारून घ्या.