यण्णीमज्जनानंतरची रात्र

कानडीत एण्णे म्हणजे तेल आणि मज्जन म्हणजे स्नान. सोलापूरच्या गड्डा यात्रेचा पहिला मोठा दिवस या दोन शब्दांवरून ओळखला जातो, यण्णीमज्जन. भोगीच्या सकाळी सात नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातून निघतात. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात स्थापलेल्या ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक करत मिरवणूक गावभर फिरते. पांढऱ्या बाराबंदीतले तरुण ते उंच, जड ध्वज तोलून धरतात. त्यासाठी त्यांनी कितीतरी दिवस आधीपासून सराव केलेला असतो. मागे चालणाऱ्या भाविकांनी मात्र बहुधा कसलाच सराव केलेला नसतो.

तीन वर्षांपूर्वी त्या भाविकांत मीही होते. वय ५७, नोकरी बँकेच्या काउंटरमागची, आणि संकल्प पूर्ण प्रदक्षिणेचा, तोही अनवाणी. त्या दिवशी काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला गर्दीत उभं राहताना मांड्या भरून आल्या. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला आणि उजवा गुडघा फुगल्यासारखा वाटू लागला. शेजारच्या काकूंनी मायेनं गंधपुरा तेलाची छोटी बाटली आणून दिली. "निस्तं चोळ, रात्रीत उतरतंय," म्हणाल्या.

तेल निव्वळ होतं, कशातच न मिसळलेलं. ते गुडघ्यावर नि पोटरीवर भरपूर चोळलं, वरून इलॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली आणि तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपले. रात्री दोनच्या सुमारास पायाची आग होऊन जाग आली. पट्टी सोडली तेव्हा कातडी लालबुंद होती. सकाळपर्यंत भाजल्यासारखे फोड आले. रात्रभर त्यावर नुसतं पाणी ओतत होते. तेल पाण्यात विरघळत नाही हे त्या घाईत सुचलं नाही. आधी खाण्याच्या साध्या तेलानं पुसून घ्यायचं, मग साबण आणि भरपूर पाणी, हे नंतर कळलं.

त्वचारोगतज्ज्ञांनी फोड पाहिले आणि तीन प्रश्न विचारले. तेलात दुसरं काही मिसळलं होतं का? वरून पट्टी आणि शेक दिला का? आणि घरात रक्त पातळ ठेवण्याची गोळी कुणाला चालू आहे का? तिसऱ्या प्रश्नाला मी दचकले. सासूबाईंना हृदयाच्या झडपेसाठी वॉरफेरिन चालू होतं आणि तीच बाटली त्या दोन दिवस खांद्याला चोळत होत्या. लगेच तपासणी केली. त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, नेहमीपेक्षा बराच वर गेला होता. तेल बंद झालं, गोळीचं प्रमाण डॉक्टरांनी पाहिलं आणि आठवड्याभरात आकडा जागेवर आला. माझ्या पोटरीवरचा डाग अजून आहे. पण आजही जीव घाबरतो तो सासूबाईंच्या त्या आकड्यानं.

गंधपुरा तेल बहुतांशी एकाच रसायनाचं बनलेलं असतं, मिथाइल सॅलिसिलेट. ते ॲस्पिरिनच्या कुळातलं, म्हणूनच डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीबद्दल विचारलं होतं. दुखऱ्या जागेच्या मलमांना येणारा तो ओळखीचा तिखट-गोड वास त्याचाच. मलमात ते ठरावीक प्रमाणात असतं. निव्वळ तेलात जवळजवळ संपूर्णच. असं चहाचा एक चमचा तेल म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या सुमारे एकवीस ॲस्पिरिन गोळ्यांइतकं सॅलिसिलेट. लहान मुलानं तेवढं गिळलं तर जिवावर बेतू शकतं. ते कातडीतूनही रक्तात उतरतं, आणि उष्णतेनं, घट्ट बांधण्यानं, व्यायामानं तापलेल्या अंगावर लावल्यानं आणखी वेगानं उतरतं. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरची १७ वर्षांची एक शाळकरी धावपटू दगावली. स्नायूंना लावायच्या मलमांचा अतिवापर होऊन हेच रसायन तिच्या शरीरात साठलं होतं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेनं मेन्थॉल, मिथाइल सॅलिसिलेट किंवा कॅप्सायसिन असलेल्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वेदनाशामक मलमांमुळे त्वचा भाजल्याच्या ४३ घटना नोंदवून इशारा दिला. त्यावर पट्टी घट्ट बांधू नका, शेक देऊ नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. मी नेमकं तेच केलं होतं.

मग ही सुगंधी तेलं टाकून द्यायची का? मला तसं वाटत नाही. त्यांचा आराम खरा आहे. तो कुठून येतो एवढं समजून घ्यायला हवं. पुदिन्यातलं मेन्थॉल कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून गारवा वाटतो. प्रत्यक्षात तिथलं तापमान फारसं बदललेलं नसतं. मिरचीतलं कॅप्सायसिन याच तऱ्हेनं उष्णतेच्या तंतूंना जागं करतं. सोलापूरची शेंगाचटणी खाताना तोंड का पोळतं, त्याचंही उत्तर हेच. थंडी-उष्णतेची जाणीव आत घेणारी कातडीतली ही दारं शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. गारव्याची किंवा उबेची ती जाणीव मेंदूकडे जाणारी दुखण्याची वर्दी काही वेळ झाकून टाकते. झिजलेली कूर्चा मात्र त्यानं भरून येत नाही. लॅव्हेंडरच्या तेलानं गुडघ्यांना मालिश केल्यावर दुखणं कमी झाल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं, पण महिन्याभरानं तो फरक उरला नव्हता. थोडक्यात, तेलानं मिळतो तो वेळ. त्या वेळात पाय हलवता आले तर त्याचं चीज होतं.

वापरण्याची रीत साधी आहे. सोलापूर करडईचा जिल्हा. घाण्यावरचं करडईचं किंवा तिळाचं तेल इथे सहज मिळतं आणि मालिशीला तेच मुख्य तेल असू द्यावं. ५० मिलिलिटर करडईच्या तेलात पुदिना, निलगिरी किंवा लॅव्हेंडर यांपैकी एकाचे वीसेक थेंब, म्हणजे साधारण दोन टक्के, पुरे होतात. आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर पाहावं. खाज-लाली नसेल तरच पुढे जावं. डोळे, जखमा, खरचटलेली जागा टाळावी. गरम पाण्यानं आंघोळ करून किंवा पळून आल्यावर लगेच लावू नये. लिंबू आणि बर्गामॉट यांच्या सालीची तेलं लावून उन्हात गेलं तर कातडी पोळू शकते, आणि सोलापूरच्या उन्हात तो धोका कुणी पत्करू नये. बाटलीवर वनस्पतीचं नाव नसेल, नुसतंच ‘सुगंधी तेल’ लिहिलं असेल, तर ते धुपाचं किंवा अत्तराचंही असू शकतं.

तान्ह्या आणि लहान मुलांना यातलं काही लावू नये. घरात कापूर नेहमीचा असतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण कापूर किंवा निलगिरीचं तेल पोटात गेलं तर मुलाला झटके येऊ शकतात. बाटल्या देवघराच्या खालच्या फळीवर ठेवू नयेत. गरोदर बाईनं, दम्याच्या माणसानं आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यानं आधी डॉक्टरांना विचारावं. गंधपुरा तर अशा घरात नकोच.

तेलानंतर येते हालचाल. पण हे शहर मुळात कष्टाच्या दुखण्याचं. पूर्व भागात यंत्रमागांवर उभं राहून पाय सुजलेली माणसं आहेत, आणि सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या माना आणि बोटं संध्याकाळी वळत नाहीत. "रोज चाला" हा सल्ला त्यांना पुरत नाही. अंगमेहनत त्यांच्या वाट्याला भरपूर आहे, पण ती एकाच बाजूची, एकाच स्नायूची. त्यांनी तासाला एकदा उठावं, बैठक बदलावी, भिंतीला पाठ लावून खांदे मागे न्यावेत, मुठी उघडझाक कराव्यात. हे त्यांना मागाच्या आणि विडीच्या कामातच जमेल असं सांगायला हवं, आणि मालकांनीही तेवढी पाच मिनिटं सोडायला हवीत.

बैठ्या कामाच्या माझ्यासारख्यांची गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. पासष्टीनंतर त्यात तोल सांभाळण्याचे व्यायामही आले. अचानक जास्त चालल्यावर स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक दुखतात आणि मग आपोआप उतरतात. ते दुखणं आजार नव्हे; हलकं चालत राहिल्यानं थोडा आराम पडतो. पण सांधा सुजून गरम झाला, ताप आला, एकच पोटरी फुगली किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर तेलाची बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गुडघ्यांसाठी वजनाचाही हिशेब आहे. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं घटतो. मला हे फार आधी कुणी सांगायला हवं होतं.

आता दसरा झाला की माझा सराव सुरू होतो. ऊन चढायच्या आत, चपला घालून, सिद्धेश्वर तलावाच्या काठानं आधी दहा मिनिटं, मग पंधरा, मग अर्धा तास. घरी खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणं-बसणं. गेल्या भोगीला निम्मी प्रदक्षिणा चालले आणि उरलेली रिक्षानं केली. परत आल्यावर सासूबाईंनी स्वतःच्या हातानं पायांना कोमट करडईचं तेल लावलं. त्यात पुदिन्याचेही थेंब नव्हते. पट्टी बांधली नाही, शेक दिला नाही. पाय उशीवर ठेवून आम्ही दोघी अंगणाबाहेरून जाणाऱ्या नंदीध्वजांच्या घुंगरांचा आवाज ऐकत बसलो.