कपाट स्वस्त, टेम्पो महाग

लो-बजेट सिनेमाच्या निर्मात्याकडे कॅमेऱ्याच्या भाड्याचा हिशोब रुपया-पैशात तयार असतो, लाइटवाल्यांचा असतो, जेवणाच्या ताटांचाही असतो. प्रॉपर्टीचं, म्हणजे सेटवरच्या सामानाचं, विचारलं की मात्र, "ते बघू हो, घराघरातून गोळा करू." मी डोंबिवलीत राहतो. आधी एकांकिकांचं नेपथ्य करायचो, आता छोट्या मराठी सिनेमांचं आर्टचं काम करतो. त्या ‘बघू’पायी अर्ध्या दिवसाची शूटिंगं बसून राहिलेली मी पाहिली आहेत, आणि तेवढ्या वेळात युनिटने प्यायलेल्या चहाच्या पैशांत दोन खुर्च्या विकत आल्या असत्या.

मध्यंतरी एक सिनेमा केला. १९९३ सालची डोंबिवली, वन रूम किचन, आई आणि दोन मुलगे. यादी साधीच होती: शटरचा टीव्ही, वातीचा स्टोव्ह, पितळी पातेली, पायाचं शिलाई मशीन, ट्रंका, आरशाचं लाकडी कपाट. निर्मात्याच्या ओळखीचं एक गोदाम पश्चिम उपनगरात होतं, सिनेमा-सीरियलना सामान पुरवणारं. तिथून सगळं एकदम मिळेल, फिरायला नको, असा विचार झाला. मोठ्या बजेटच्या सिनेमाला ते परवडतं. आपल्याला का परवडत नाही, ते एका कपाटावरून सांगतो.

समजा, कपाटाचं दिवसाचं भाडं ५०० रुपये. शूटिंग चार दिवसांचं, म्हणजे २,००० रुपये, असं आपण कागदावर मांडतो. पण सामान उचलायचा दिवस भाड्यात धरतात आणि परत करायचा दिवसही धरतात. झाले सहा दिवस, ३,००० रुपये. छोटा हत्ती जाताना एकदा, येताना एकदा. दोन्ही टोकांना हमाल. आपलं लोकेशन हमखास तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं, कारण जुनी इमारत तशीच असते आणि आपल्याला जुनीच हवी असते. कपाटाची जवळपास पूर्ण किंमत डिपॉझिट म्हणून अडकलेली. त्यात शेवटच्या दिवशी पॅक-अप रात्री दहाला झालं, तर गोदाम बंद. टेम्पो रात्रभर दारात उभा, त्याचं वेगळं, आणि गोदामाचा आणखी एक दिवस. आमचं अगदी असंच झालं. वर परत देताना आरशाच्या कोपऱ्यातली एक चीर दाखवून डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. ती चीर सामान चढवताना मला दिसली होती, मी बोललोही होतो. पण आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरने सही केलेल्या चलनावर ‘सुस्थितीत’ असं छापलेलं होतं, त्यापुढे तोंडी बोलण्याला कोण विचारतो?

तेव्हापासून मी एकच धोरण ठेवलं आहे. वस्तू शोधायला सुरुवात लोकेशनच्या जिन्यापासून करायची, मग गल्ली, मग शहर. मुंबई सगळ्यात शेवटी.

ठाणे-डोंबिवलीच्या माणसाला आज यासाठी फार लांब जावंच लागत नाही. नौपाड्यात, टिळकनगर-रामनगरात पुनर्विकासाची कामं चालू आहेत. इमारत रिकामी करायची नोटीस लागली की माळ्यांवरून ट्रंका, पिंप, लोखंडी खाटा, पाट, बंद पडलेले मिक्सर, कडी-कोयंड्यांचे दरवाजे खाली येतात. भाड्याच्या तात्पुरत्या घरात हे सगळं मावत नाही, आणि नव्या फ्लॅटच्या मॉड्युलर किचनमध्ये त्याला जागा नसते. भंगारवाला ते किलोवर नेतो. त्याच्या आधी आपण पोचलो तर लोक अक्षरशः हात जोडून देतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटायचं, सिनेमाचं नाव आणि आपला नंबर लिहिलेला कागद नोटीस बोर्डावर लावायची परवानगी मागायची. वॉचमनशी ओळख तर हवीच. कोणाचं सामान कधी निघणार, हे सेक्रेटरींपेक्षा त्याला आधी कळतं.

फुकट मिळालेली वस्तू मात्र तशी फुकट नसते. दोन प्रकार वेगळे ठेवा: देऊन टाकलेली आणि वापरायला दिलेली. पहिलीसाठी ‘परत नको’ असा मेसेज लिहून घ्या. दुसरीसाठी वहीत नोंद, चारही बाजूंनी फोटो, परत करायची तारीख, आणि घेणाऱ्या-देणाऱ्याची सही. टिळकनगरातल्या एका काकूंनी शिसवी कपाट आनंदाने दिलं, फक्त म्हणाल्या, "आतल्या कप्प्यातला कागद काढू नका हं, त्यावर यांचं अक्षर आहे." वाण्याच्या हिशोबाचा पिवळा कागद होता तो. सेटिंगचा पोरगा कपाट आलं की पहिलं काय करतो? आतून पुसून काढतो. म्हणून अशी अट असलेल्या वस्तूवर मी चिठ्ठीच चिकटवतो, आणि देवघरातल्या मूर्ती, लग्नाचे अल्बम, गेलेल्या माणसांचे फोटो कोणी दिले तरी घेत नाही. भिंतीवर फोटो हवा असेल तर आपल्याच नटाचा काढून फ्रेम करावा.

भांड्यांचं गणित याहून सोपं आहे. पितळ-तांबं भाड्याने घेऊच नका. जुनी भांडी मोडीत घेणाऱ्या दुकानदाराशी बोलून मोडीच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन विकत घ्यायची आणि शूटिंग झाल्यावर त्यालाच वजनावर परत द्यायची. मधला फरक कोणत्याही भाड्यापेक्षा कमी पडतो, आणि एखादं पातेलं चेपलं तर डोकेदुखी नाही, चेपल्याने वजन घटत नाही. मोठ्या लाकडी सामानासाठी, पाडलेल्या इमारतींच्या दार-खिडक्यांसाठी शीळफाटा-डायघर पट्ट्यातली भंगाराची गोदामं पालथी घालावीत. सकाळी जा, रोख पैसे न्या, आणि शूटिंगचा शब्दही काढू नका. शूटिंग म्हटलं की भाव चढतो. मुंबईच्या चोर बाजाराचा अनुभवही तोच: मटन स्ट्रीटवरच्या दुकानदारांनी सिनेमावाले इतके पाहिले आहेत की तुमच्या खांद्यावरच्या पिशवीवरून ते तुम्हाला ओळखतात. उल्हासनगरचा फर्निचर बाजार नव्या सामानासाठी ठीक आहे. आजच्या काळातला श्रीमंताचा हॉल सजवायचा असेल तर तिथला सोफा उत्तम, १९९३ च्या घरात तो पाहुण्यासारखा दिसतो.

नाटकवाल्यांकडून सामान आणायचा मोह डोंबिवली-कल्याणात सगळ्यांना होतो, कारण इथे घरटी एक हौशी नट आहे. एकांकिका स्पर्धांचं सामान कॉलेजांच्या जिन्याखाली पडलेलं असतं, मुलं प्रेमाने देतात. पण ते सामान गडकरी रंगायतनच्या किंवा सावित्रीबाई फुले कलामंदिरच्या पाचव्या रांगेपासून पुढे बघण्यासाठी केलेलं असतं. प्लायवर ब्रशने काढलेल्या सागवानी रेघा, थर्माकोलचा दगडी खांब, सोनेरी स्प्रे मारलेली प्लॅस्टिकची समई रंगमंचावर खपते. क्लोज-अपमध्ये तिचा प्लॅस्टिकचा सांधा दिसतो. नाटकाकडून लांबून दिसणारं आणि न हाताळलं जाणारं घ्या: मागच्या भिंतीची चौकट, गॅलरीचा कठडा, ट्रंकांचा ढीग. पात्राच्या हातात जाणारी वस्तू खरीच हवी. आणि अशी वस्तू कथेत महत्त्वाची असेल तर तिच्या दोन हव्यात. आमच्या सिनेमात धाकटा मुलगा रेडिओ आपटतो. रेडिओचे दोन खोके आणि तिसरा चालू, असे तीन मी पहिल्याच आठवड्यात मिळवले होते, दिग्दर्शकाने तिन्ही वापरले.

गणपतीनंतरचा आठवडा विसरू नका. मंडळांचे देखावे उतरवताना प्लाय, कापड, लाकडी पट्ट्या, कधी अख्ख्या कमानी कवडीमोलाने मिळतात. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे आता देखाव्यांमध्ये पुन्हा वापरता येईल असं सामान बरंच असतं.

आता काळाविषयी, कारण जुन्या काळाच्या सिनेमात सगळ्यात महाग पडतं ते चुकीचं सामान. ते आणायचेही पैसे जातात आणि एडिटिंगला पुसायचेही.

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. १९९३ आणि २०२१ या दोन्ही वर्षांची १ जानेवारी शुक्रवारी, दोन्ही साधी वर्षं, त्यामुळे वार-तारखा तंतोतंत जुळतात. ही युक्ती सापडली की सहायक दिग्दर्शक नाचतात. पण मराठी घरातलं कॅलेंडर तिथी-सणांनी भरलेलं असतं. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता, १९९३ चा मार्चमध्येच होऊन गेला होता. घरातल्या आजी थिएटरात हे पकडतात. लांबून दाखवायचं असेल तर चालवा, जवळून दाखवायचं असेल तर रद्दीवाल्याकडे खरं शोधा किंवा पान नव्याने छापा.

दुकानाच्या पाटीवर मोबाइल नंबर नको. आपल्याकडे मोबाइल सेवा १९९५ च्या जुलैअखेरीला सुरू झाली. भावफलकावर रुपयाचं चिन्ह नको, ते २०१० चं आहे, ‘रु.’ लिहा. पाकिटावरचा शाकाहाराचा हिरवा ठिपका झाका. गांधीजींच्या चित्राची नोटांची मालिका १९९६ ला आली. त्याआधीची नेहमीची शंभराची नोट अशोकस्तंभाची होती, ५०० च्या नोटेवर मात्र १९८७ पासूनच गांधीजी होते. गाडीच्या नंबरप्लेटकडेही लक्ष ठेवा, २०१९ पासून नव्या गाड्यांना आलेली हाय सिक्युरिटी प्लेट लांबूनही ओळखू येते. आणि भिंतीवरची बटणं! पांढरी मॉड्युलर बटणं दिसली की १९९३ संपलं. काळी, खटक्याची बटणं पाडलेल्या इमारतींच्या भंगारात पिशवीभर मिळतात, लाकडी बोर्डासकट. खोटी बसवा, वायर जोडायची नाही.

शटरचा टीव्ही चालू दाखवायचा असेल तर तो आणायच्या आधीच कॅमेरामनशी बोला. काचेच्या ट्यूबच्या टीव्हीवर कॅमेऱ्यातून काळे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडच्या टीव्हीला सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की बहुतेक वेळा ते थांबतात. नाहीतर टीव्ही बंदच ठेवा आणि त्यावर क्रोशाचा रुमाल घाला. काळ त्यानेही सिद्ध होतो.

यापुढचं सांगतो ते पैशांपेक्षा जास्त महाग पडू शकतं. खोट्या नोटांची बंडलं झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून आणणारे उत्साही लोक प्रत्येक युनिटमध्ये असतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ प्रमाणे नोटेसारखा दिसणारा कागद कोणत्याही कारणासाठी बनवणं किंवा वापरणं हा गुन्हा आहे. दंडाची रक्कम किरकोळ आहे, पण तोच कागद युनिटमधल्या कोणी गंमत म्हणून बाजारात चालवला तर मामला कलम १७८-१७९ पर्यंत, म्हणजे बनावट चलनापर्यंत जातो आणि तिथे शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. बंडलाच्या वर-खाली खरी नोट, मध्ये त्या मापाचे कोरे कागद, वर रबर बँड. एवढ्याने भागतं.

पिस्तूल, तलवार, पोलिसांचा गणवेश यांचंही तसंच. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर या सगळ्या भागात, शस्त्रं बाळगण्यावर वेळोवेळी मनाई आदेश निघतात. खेळण्यातलं पिस्तूल घेऊन नट गल्लीत धावला आणि एखाद्या गॅलरीतून ११२ ला फोन गेला, तर गाडी येणारच, आणि यायलाच हवी. ज्या शूटिंगला हे झालं तिथे मी पाहुणा म्हणून गेलो होतो. पोलीस सभ्य होते, तरी संध्याकाळचा उजेड गेला तो गेलाच. जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी पत्र द्या, शिक्क्याची प्रत सेटवर ठेवा, आजूबाजूच्या इमारतींत आदल्या दिवशी सांगून या. शॉट नसताना पिस्तूल पेटीत, आणि गणवेशातल्या नटाच्या अंगावर साधा शर्ट. चहाच्या टपरीवर गणवेशात जाणाऱ्या नटाला मी सरळ परत बोलावतो, तो कितीही मोठा असो.

सामान परत करणं हा प्रॉपर्टीच्या कामाचाच भाग आहे, पण त्यासाठी बजेटमध्ये माणूस आणि दिवस कोणीच ठेवत नाही. पॅक-अपनंतर युनिट पांगतं आणि कोणाची तरी शिवणाची मशीन महिनाभर दिग्दर्शकाच्या जिन्यात उभी राहते. पुढच्या वेळी त्या सोसायटीत कोणीही आपल्याला दारात उभं करत नाही, आपल्यालाच नाही तर आपल्यानंतर येणाऱ्या मुलांनाही. शेवटच्या शॉटनंतरचा पूर्ण एक दिवस, एक टेम्पो आणि दोन माणसं यांचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून निर्मात्याच्या नजरेआड ठेवा.

आणि एक विनंती सिनेमा न करणाऱ्या वाचकांना. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत ज्यांच्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत, त्यांनी माळा रिकामा करताना भंगारवाल्याला बोलवायच्या आधी दोन दिवस द्यावेत. आपल्या भागातल्या कॉलेजच्या नाट्यमंडळाला किंवा एखाद्या हौशी नाट्यसंस्थेला फोन करून सांगावं की इतक्या ट्रंका, इतके पाट, एक बंद रेडिओ आहे, येऊन घेऊन जा. ती मुलं येतील, आणि जिनाही झाडून जातील.